तीन सेंटिमीटर

एसटीत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची एकोणीस तिकीट तपासनीस म्हणून. आमच्या पथकाला भरारी पथक म्हणत. प्रत्यक्षात आम्ही एका खटारा जीपमधून जायचो, काटोलच्या पुढे एखाद्या फाट्यावर उभे राहायचो आणि येईल त्या बसला हात दाखवायचो. बसमध्ये चढल्यावर मी आधी तिकिटं कधीच पाहिली नाहीत, माणसं पाहिली. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर बघतो, जणू बाहेरच्या कपाशीच्या पऱ्हाटीत त्याचं काहीतरी हरवलंय. जो न मागता तिकीट पुढे करतो, त्याचं तिकीट मागच्याच गावापर्यंतचं असतं. अर्ध्या तिकिटाची पोरं तर मी नुसत्या नजरेनं मोजायचो. समोरच्या सीटच्या दांडीवर डोकं गेलं की पोर बाराच्या पुढचं, मग आई काहीही शपथा घेवो. उंचीच्या बाबतीत मला कोणी फसवू शकलं नाही.

हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात या सवयीचा मोठा हात आहे. सवय नुसती नोकरीचीही नव्हे. माझ्या बापानं छप्पन साली इथंच नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. आम्हा भावंडांकडून त्यानं एकच गोष्ट घोकून घेतली. कोणी सांगतो म्हणून मानायचं नाही, तपासायचं आणि मग मानायचं. भावांनी ते ऐकलं आणि आपापल्या कामाला लागले. मी तपासायचीच नोकरी पत्करली.

नंदनवन भागात आमच्या घरासमोर एक गृहस्थ एकटेच राहतात. वय ऐंशीच्या वर, अंग सडपातळ, पाठ फळीसारखी ताठ. कॉलनी त्यांना पायलटकाका म्हणते. एकाहत्तरच्या लढाईत ते लढाऊ विमान चालवायचे, असं सगळे सांगतात. सगळे सांगतात याचा अर्थ कोणी पाहिलेलं नाही. उमरेडच्या विणकराच्या घरचा जन्म, वडील हातमागावर लुगडी विणायचे. लढाईनंतर तीन वर्षांत यांनी हवाई दल सोडलं आणि नंतर उभा जन्म एका शाळेत गणित शिकवलं. एवढी माहिती मी शेजारी आल्यावर पहिल्याच महिन्यात काढली होती, आणि तीच मला पचत नव्हती. एवढी मानाची नोकरी मिळालेला माणूस तिशीत ती सोडून फळ्यासमोर कशाला उभा राहील?

त्यांच्या घरात वर्दीतला एक फोटो नव्हता. मी तीन वेळा साखर मागायच्या निमित्तानं जाऊन चारही भिंती पाहून आलो होतो. सोनेगावच्या विमानतळाकडून विमान आलं की कॉलनीतली म्हातारी माणसंसुद्धा वर बघतात, हे मान वर करत नाहीत. सव्वीस जानेवारीला झेंड्यापाशी सगळ्यात मागच्या रांगेत उभे. लढाईचं काही विचारलं तर म्हणायचे, हो, होतो, आणि विषय मेथीच्या भावावर न्यायचे. बढाया मारणारा लबाड सापडायला सोपा असतो. न बोलणारा लबाड मी आयुष्यात दोनदाच पाहिला, आणि दोन्ही वेळा त्यानं मला रडवलं होतं.

तरी मी त्यांना सोडून दिलं असतं. म्हातारा माणूस, कोणाचं काय बिघडवतो? पण मधे माझी मुलगी आली.

मुलगी बावीस वर्षांची, एकुलती एक. कॉलेज संपता संपता तिनं हवाई दलाची परीक्षा दिली आणि पास झाली. मग मुलाखतींचे पाच दिवस काढून आली, मग मेडिकल झालं, आणि दिवाळीनंतर पत्र आलं की तिची निवड वैमानिकाच्या शिक्षणासाठी झाली आहे. सोबत भरायचे बरेच कागद होते. त्यातल्या एकावर बापाची सही हवी होती. मजकुराचा अर्थ असा, की या कामात जिवाला धोका आहे हे मला समजलं आहे आणि माझी हरकत नाही. कागद वर्ष संपायच्या आत पाठवायचा होता. मी तो घडी करून फ्रिजवर, पोळ्यांच्या डब्याखाली ठेवला आणि बायकोला सांगितलं की नीट वाचून सही करीन. पंधरा दिवस मी तो वाचत होतो.

आणि हे सगळं खूळ तिच्या डोक्यात कोणी भरलं होतं? समोरच्या पायलटकाकांनी. दोन वर्षं ती रोज संध्याकाळी साडेपाचला त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसत होती. गणित शिकते, असं मला वाटत होतं. निवड झाल्यावरही तिचं जाणं चालूच, म्हणून मी खिडकीच्या पडद्याआडून पाहायला सुरुवात केली.

जे दिसलं त्यानं मी चक्रावलो. व्हरांड्यात एक प्लॅस्टिकची खुर्ची. पोरगी आधी खिसे रिकामे करी. मोबाईल, किल्ली, केसांची क्लिप, सगळं एका स्टीलच्या ताटात. मग खुर्चीत बसे. खुर्चीला कपडे वाळत घालायचे पाच चिमटे लावलेले, प्रत्येकाला लाल फीत बांधलेली. म्हातारा ते एकेक काढी आणि पाचही तिच्या डोळ्यांसमोर धरी. तिचे ओठ हलत. मग ती अंगठा वर करी आणि तो चिमटे खिशात टाकून तिला प्रश्न विचारायला लागे.

मी बायकोला बोलावून दाखवलं आणि म्हटलं की हे काही गणित नाही, ही करणीच आहे. ती हसून हसून बेजार झाली.

"अजी, तुम्ही बौद्धाच्या घरचे, अन् करणीले भेऊन राहिले?"

मी भीत नव्हतो, मी नोंद घेत होतो. पण तिला समजावणं कठीण.

डिसेंबरच्या सुरुवातीला आयता मोका आला. काकांचं दवाखान्याचं कार्ड नवं करायचं होतं, त्यासाठी जुन्या कागदांच्या झेरॉक्स हव्या होत्या आणि त्यांचे गुडघे दुखत होते. त्यांनी प्लॅस्टिकची फाईल माझ्या हातात दिली. आता तपासनिसाच्या हातात फाईल दिल्यावर तो ती वाचणार नाही, असं ज्याला वाटतं त्यानं फाईल देऊ नये. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. मी बाकावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

कागद खरे होते. शिक्के, सह्या, पिवळा पडलेला कागद, सगळं बरोबर. हवाई दलात दरवर्षी वैमानिकाची वैद्यकीय तपासणी होते, त्याचे दोन कागद होते. एक लढाईच्या आधीचा, एक पुढच्या उन्हाळ्यातला. नाव एक, नंबर एक, रक्तगट एक. पहिल्यात उंची एकशे चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. दुसऱ्यात एकशे एकाहत्तर.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सत्तावीस वर्षांचा धडधाकट माणूस एका वर्षात तीन सेंटिमीटर कमी होत नाही. म्हणजे ही दोन माणसं होती. लढाईत एक गेला, आणि त्याच्या नावावर दुसरा परत आला. काटोल रोडवर दुसऱ्याच्या पासावर प्रवास करणारे मी शेकड्यांनी पकडले होते, पण हा पन्नास वर्षांचा प्रवास होता. खरं सांगतो, माझ्या अंगात त्या बाकावर वीस वर्षांपूर्वीचा जोर आला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, वयानं माणूस आखूड होतोच, तुम्हीही झाले. मी म्हटलं, सत्ताविसाव्या वर्षी होत नाही. ती म्हणाली, मग मोजणाऱ्यानं चूक केली असेल. मी म्हटलं, उंची मोजण्यात काय चूक व्हायची आहे, काठी लावा आणि आकडा वाचा. आमचा आवाज वाढला असणार, कारण मुलगी आतून येऊन दारात उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा, तुम्हाले ते खोटे निघाले पाहिजेत, हो ना?"

मी तिला म्हटलं की मोठ्यांच्या बोलण्यात पडू नको. ती पडली नाही, निघून गेली. पण तिचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं. म्हातारा खोटा निघाला असता तर त्यानं शिकवलेलं सगळं खोटं ठरलं असतं, आणि फ्रिजवरच्या कागदावर सही न करायला मला एक सभ्य कारण मिळालं असतं. मला पोर गमवायची भीती वाटत होती. हे सरळ सांगायची लाज वाटत होती, म्हणून मी दुसऱ्याची उंची मोजत बसलो होतो.

हे कळलं म्हणून मी थांबलो का? नाही.

दरवर्षी डिसेंबरात एक दिवस काका कापडी पिशवी घेऊन सकाळीच निघतात आणि संध्याकाळी संत्री घेऊन परततात. कुठे गेला होता विचारलं तर म्हणतात, मित्राकडे. या वर्षी ते गुरुवारी जाणार असल्याचं मुलीकडून कळलं. गुरुवारी सकाळी मी मफलर डोक्यावरून गुंडाळला आणि त्यांच्या मागोमाग बसस्थानकावर गेलो. ते नरखेडच्या बसमध्ये चढले, पुढे तिसऱ्या सीटवर बसले. मी मागच्या दारानं चढून शेवटून दुसरी सीट धरली आणि पेपर उघडला.

बस सुटली. कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला आणि माझ्यासमोर थबकला. मग त्यानं खाडकन सलाम ठोकला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, साहेब, आज काय मफलर बांधून चेकिंग आहे का? बसमधली अर्धी माणसं खिशात हात घालून तिकिटं शोधायला लागली. पुढून, मान न वळवता, काका बोलले.

"पुढे येऊन बसा, चेकरसाहेब. मागे धक्के फार बसतात."

मी मुकाट्यानं पुढे जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. कळमेश्वर मागे पडल्यावर माझा धीर सुटला आणि मी विचारूनच टाकलं. एकशे चौऱ्याहत्तर आणि एकशे एकाहत्तर, हे दोन आकडे एका माणसाचे कसे? ते रागावतील असं वाटलं होतं. ते हसले, आणि मग पाठीला हात लावून हळूहळू सांगायला लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

लढाऊ विमानात वैमानिक ज्या खुर्चीवर बसतो तिच्याखाली स्फोटाची दारू भरलेली असते. विमान वाचत नाही असं दिसलं की दांडा ओढायचा, खुर्ची माणसासकट बाहेर फेकली जाते आणि वर गेल्यावर पॅराशूट उघडतं. त्या धक्क्यात मणके एकमेकांवर दाबले जातात. त्यांचे तीन मणके दबले. लढाईच्या शेवटाकडे एक दिवस त्यांच्या विमानाला खालून मार बसला, आग लागली. सरहद्दीच्या अलीकडे येईपर्यंत त्यांनी कसंबसं रेटलं आणि मग दांडा ओढला. पडले ते उसाच्या शेतात. गावची माणसं काठ्या घेऊन धावत आली. हे सांगतात मी नागपूरचा, आणि त्या गावात नागपूर कोणी ऐकलेलं नाही. शहानिशा होईपर्यंत त्यांनी यांना खाटेला बांधून ठेवलं, पण मोठा पेला भरून दूधही पाजलं.

"तुमच्यासारखेच होते ते लोक," काका म्हणाले. "तिकीट पाह्यल्याशिवाय सोडत नव्हते. माझे तीन सेंटिमीटर त्या शेतात राहिले. डॉक्टरनं सांगितलं, आता लढाऊ विमान नाही. टेबलाच्या कामावर बसवलं. तीन वर्षं बसलो, मग वाटलं, टेबलावरच बसायचं तर पोरांसमोर बसू."

फळ्याचंही उत्तर मिळालं होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आपण काय करतोय ते लक्षात आल्यावर मान पुन्हा आत वळवली.

मग मी चिमट्यांचं विचारलं. खिसे रिकामे, कारण सुटी वस्तू विमानात कुठेही जाऊन अडकते. चिमट्यांचंही उत्तर होतं. जमिनीवर असताना ती खुर्ची चुकून उडू नये म्हणून तिला पाच पिना लावलेल्या असतात, प्रत्येकीला लाल फीत. उड्डाणाआधी खुर्चीचा मेकॅनिक शिडीवर चढून त्या काढतो आणि वैमानिकाच्या डोळ्यांसमोर धरतो. वैमानिक मोजतो आणि अंगठा दाखवतो. एक जरी पीन आत राहिली तरी वेळेला खुर्ची उडत नाही. आपण जिथे चाललो आहोत ते त्या मेकॅनिकचंच घर, काका म्हणाले. ज्या दिवशी काका उसात पडले त्या दिवशी त्यांच्या खुर्चीच्या पिना त्या मेकॅनिकनंच काढल्या होत्या.

नरखेड येईपर्यंत मी विचारत राहिलो आणि ते सांगत राहिले. विमानं एका ओळीत उभी नसायची. बॉम्ब पडला तर एकाबरोबर दुसरं जळू नये म्हणून प्रत्येकाला तीन बाजूंनी मातीच्या उंच भिंतींचा आडोसा असायचा. आत बसल्यावर समोरची धावपट्टी आणि वरचं आभाळ तेवढं दिसे. शेजारच्या आडोशात काय चाललंय याचा पत्ता लागत नसे. आवाजानं कान फाटायचे तेवढे, ते म्हणाले.

गावात उतरून आम्ही पायीच गेलो. घर टिनाचं, अंगणात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, एक मोटारसायकल, आणि संत्र्यांचा ढीग लावून निवडणाऱ्या दोन बाया. ओट्यावर बाजेवर मेकॅनिक बसले होते. काकांहून दोन-तीन वर्षांनी मोठे, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ अंध. काकांच्या पायांचा आवाज ऐकून त्यांनी उठायची धडपड केली आणि बसल्या बसल्याच सलाम केला. सुनेनं चहा आणला. आत भिंतीवर फोटो होता, जो मी तीनदा साखर मागूनही पाहू शकलो नव्हतो. विमानाच्या नाकासमोर तिघं तरुण. उकिडवे बसलेले ते मेकॅनिक. उभ्या दोघांत एकाचे कान थेट काकांचे. दुसरा मिशी न फुटलेला पोरगा, हसताना डोळे मिटलेला. फोटोतल्या काकांची उंची मी नजरेनं मोजली. एकशे चौऱ्याहत्तर बरोबर होते.

चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं झालं. संत्र्याचा बहार, मोटारपंप, सुनेचं माहेर. मग मेकॅनिकनं कप खाली ठेवला आणि काकांचा हात चाचपून धरला.

"साहेब, धाकट्या साहेबाच्या पाचही काढल्या होत्या ना मी?"

सुनेनं माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच सांगितलं की हे दर वर्षीचं आहे. तिनं बाजूला नेऊन मला हळू आवाजात सगळं सांगितलं. लढाईच्या चौथ्या दिवशी दुसरा मेकॅनिक तापानं पडला होता, म्हणून सासऱ्यांनी एकट्यानं धावत दोन विमानांच्या पिना काढल्या. आधी काकांच्या, मग शेजारच्या आडोशातल्या धाकट्या साहेबाच्या, म्हणजे फोटोतल्या त्या पोराच्या. काका परत आले. पोराचं विमान पडताना इतरांनी पाहिलं, पॅराशूट मात्र कोणाला दिसलं नाही. तेव्हापासून सासऱ्यांना आठवत नाही की त्याच्या पाच काढल्या की चार. जेवताना मधेच थांबतात, म्हणाली, आणि बोटं मोजतात.

ओट्यावर काका उत्तर देत होते.

"पाचही काढल्या होत्या, भाऊ. तुम्ही वर धरल्या, त्यानं मोजल्या, अंगठा दाखवला. मी माझ्या विमानातून पाह्यलं."

मेकॅनिकनं मान हलवली. त्यांचा चेहरा सैल पडला, जसा तिकीट सापडल्यावर माणसाचा पडतो. आणि माझ्या जिभेवर शब्द आले. मातीची भिंत होती ना? शेजारचं दिसत नव्हतं, असं तुम्हीच तासाभरापूर्वी सांगितलं. मग कसं पाहिलंत? मी काकांकडे पाहिलं. ते अंगणातल्या संत्र्यांच्या ढिगाकडे बघत होते, जणू त्या ढिगात त्यांचं काहीतरी हरवलंय.

एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही माणसाला बिनतिकिटाचा सोडला नाही. गरोदर बाई सोडली नाही, साहेबाचा मेहुणा सोडला नाही. त्या ओट्यावर मी तोंड मिटून बसलो आणि थंड झालेला चहा संपवला.

परतीच्या बसमध्ये संत्र्यांची पिशवी आमच्या पायांशी होती. काटोल गेल्यावर काकांनी विचारलं, "पकडलं ना, चेकरसाहेब?"

"मी रिटायर झालो, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "पन्नासवर वर्षं झाली, मलेही माहीत नाही. पाच काढल्या असतील. चार काढल्या असतील. विमान फार खाली होतं, पाच काढूनही उपयोग झाला नसेल. भाऊंवर तेव्हा दोन विमानांचा भार होता, मी त्यांले दोष देत नाही. दाखवायचं काम मेकॅनिकचं. पण मोजायचं काम बसणाऱ्याचं. त्या पोराले घाई फार होती. अंगठा आधी वर जाये, नजर मागून."

मी विचारलं, "माझ्या पोरीले पाठवू का, काका?"

"ते मले विचारू नका. मी पाठवा म्हणीन, तुम्ही मानाल, अन् उद्या काही झालं तर जन्मभर मले धराल. तुम्ही कोणाचं ऐकून मानणारे नाही. उद्या साडेपाचले या अन् स्वतः पाहा."

दुसऱ्या दिवशी मी पडद्याआडून नाही, त्यांच्या व्हरांड्यात स्टूल टाकून बसलो. मुलीला ते आवडलं नाही. तिनं खिसे रिकामे केले, ताटात सगळं ठेवलं, खुर्चीत बसली. काकांनी चिमटे काढले आणि मुठीत धरून तिच्यासमोर आणले. लाल फितींचा गुच्छ लोंबत होता. तिनं पाहिलं, ओठ हलले. अंगठा वर आला नाही.

"चार आहेत, काका."

काका म्हणाले, पाच पिना आहेत, मी काढल्या, मी मोजल्या. ती म्हणाली, चार आहेत. काकांनी आवाज चढवला. तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, तो गणिताच्या मास्तरचा नव्हता. उशीर होऊन राहिला, म्हणाले, वर विमानं आली आहेत, पुढचा निघून गेला, तू एकटी मागे राहिली, अंगठा दाखव. मी स्टुलावर बसूनही घाबरलो. माझी मुलगी या माणसाला देवासारखं मानते. दोन वर्षं त्याच्या शब्दाबाहेर गेली नाही. तिनं त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं, आणि ती नजर माझ्या ओळखीची होती. फाट्यावर बस थांबवून चढल्यावर मी पहिल्या सीटवरच्या माणसाकडे तसंच पाहायचो.

"पाचवी दाखवा," ती म्हणाली.

आणि दाखवायची वाट न पाहता ती खुर्चीतून उतरली, वाकली, खुर्चीच्या मागच्या पायाला आतून लावलेला चिमटा तिनं काढला आणि काकांच्या हातावर ठेवला. मग पुन्हा बसून पाचही मोजले आणि तेव्हा कुठे अंगठा वर केला.

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "आठवड्यातून एकदा लपवतो. दोन वर्षांत एकदाही फसली नाही. हे मी शिकवलेलं नाही, चेकरसाहेब."

मी घरी गेलो, पोळ्यांचा डबा उचलला आणि सही केली. धोका समजला आहे, हे वाक्य खरं होतं. हरकत नाही, हे खोटं होतं, पण त्या आठवड्यात मी खोट्याबद्दल थोडं शिकलो होतो. बायको बाजूला उभी होती. तिनं कागद उचलून पदरानं पुसला, जणू त्यावर धूळ होती, आणि मुलीच्या फाईलमध्ये ठेवला.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ती निघाली. सकाळी आठची वेळ, ऑटो दाराशी यायचा होता. काका रस्ता ओलांडून आले आणि संत्र्यांची पिशवी तिच्या हातात देऊन लगेच परत गेले. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत, तिच्या दुसरीपासून दहावीपर्यंतच्या. दहावीनंतर मी मोजायचं सोडलं होतं. मी तिला बूट काढायला लावले आणि चौकटीला पाठ टेकवून उभं केलं.

"बाबा, मेडिकल झालं माझं," ती म्हणाली. "उंची लिहिली आहे त्यात."

"त्यांनी सांगितलं म्हणून मानू का?"

मी तिच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि रेघ मारली. बाजूला आजची तारीख घातली. रेघ सरळ आली नाही. मी म्हटलं की सुट्टीत आली की इथंच उभी राहायचं, दर वेळी. ती रेघेकडे वळून बघत राहिली. तिला माझं कळलं होतं, काकांचे तीन सेंटिमीटर तिलाही माहीत होते.

"अन् कमी भरली तर?"

"कमी भरली तरी चालते," मी म्हटलं. "मोजायले ये."

ऑटो वाजला. ती बुटाच्या लेस बांधायला खाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.